अडसर पडेपर्यंत

१

अडसर पडला, मी डोळे उघडले, आणि माझा नवरा कुठेच नव्हता.

आमच्या थ्रॅनहॅमच्या चर्चला दोन दारं. दक्षिणेचं माणसांचं आणि त्याच्या बरोबर समोर, उत्तरेचं, सैतानाचं. ते एरवी बंदच. आतून ओकचा जाडजूड अडसर, भिंतीच्या पोटातल्या भोकातून ओढून घ्यायचा. बाप्तिस्मा असेल तेव्हाच ते दार उघडतात. पाद्रीबुवा विचारतात, "सैतानाला नाकारता का?" बाळाच्या वतीनं मोठी माणसं म्हणतात, "नाकारतो." मग दार उघडायचं, म्हणजे बाळातला सैतान निघून जातो. जाताना त्याच्याकडे बघायचं नाही, नाहीतर तो बघणाऱ्यात शिरतो. म्हणून सगळ्यांनी त्या दाराकडे पाठ करायची, डोळे घट्ट मिटायचे आणि दणादण पाय आपटायचे. अडसर पडल्याचा, म्हणजे दार पुन्हा लागल्याचा आवाज आला की मगच डोळे उघडायचे. हसायचं असेल तर हसा. मीही दिवसाउजेडी घरात बसून हसते. चर्चमध्ये माझी छाती नाही होत.

दार उघडायचा मान चर्चच्या थोरल्या कारभाऱ्याचा, म्हणजे माझ्या वॉल्टर गॅरडचा. त्यालाही सैतानाच्या वाटेत उभं राहायची सोय नाही. दार उघडलं की तो शेजारच्या कोंडवाड्यात शिरतो, गुडघे टेकतो, भिंतीकडे तोंड करून बसतो, आणि पाद्रीबुवांचं "आमेन" ऐकलं की बाहेर येऊन अडसर लावतो. कोंडवाडा हे आमचं नाव. ते जुन्या जमीनदारांचं बंदिस्त बाक आहे, उत्तरेच्या भिंतीला लागून, चहूबाजूंनी पुरुषभर उंच फळ्या, आत शिरायला छोटंसं दार. ते घराणं कधीच संपलं. आता त्यात उंदीर असतात आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी वॉल्टर.

धाकटे कारभारी कॅप्टन थर्कटल. लढाईत त्यांचा गुडघा गेला, तेव्हापासून काठीशिवाय एक पाऊल नाही. ते बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाजवळच्या मागच्या बाकावर बसून असतात, आणि पाय आपटता येत नाहीत म्हणून काठी आपटतात. पोरं त्यांना तिसरा पाय म्हणतात, त्यांच्या पाठीमागे अर्थात.

तर त्या रविवारी सायलस मनिंग्जच्या नातीचा बाप्तिस्मा होता. बाहेर बर्फ पडून थांबलं होतं. दार करकरलं, गार वारा मानेवर आला, आणि आम्ही पाय आपटायला लागलो. सायलस गवंडी माझ्या शेजारी, त्याचे खिळ्यांचे बूट, त्यातला एक थेट माझ्या अंगठ्यावर! मी ओठ चावून गप्प राहिले. पाद्रीबुवांचा आवाज चालूच होता. आमेन झालं. जरा वेळ गेला. मग अडसर धाडकन पडला.

मी वळले. उत्तरेच्या दाराशी कॅप्टन थर्कटल उभे, एक हात अडसरावर, चेहरा पांढराफटक.

"वॉल्टर कुठाय?" ते ओरडले. "अडसर लागलाय आणि माणूस नाही! कोंडवाडाही रिकामा आहे!"

सायलसनं धावत जाऊन दार पुन्हा उघडलं. बाहेर स्वच्छ, सपाट बर्फ, त्यावर पाखराच्या पायाचासुद्धा ठसा नाही. माझ्या मागून कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "बाळाच्या बदल्यात त्याला घेऊन गेला."

२

ब्लूमफील्ड हवालदार आला. त्यानं मनोरा पाहिला, घंटा पाहिल्या, बाकांखाली दिवा धरला, कोंडवाड्यात डोकावून आला, आणि टोपी काढून डोकं खाजवत बसला. दक्षिणेच्या दाराशी मनिंग्जच्या घरच्या बायका लहान पोरांना धरून उभ्या होत्या, तिथून कुणी गेलं नव्हतं. उत्तरेला बर्फ कोरं.

"इतक्या माणसांच्या डोळ्यांदेखत माणूस नाहीसा होतो म्हणजे काय?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.  डोळे मिटल्याचं पोलिसाला कोण सांगणार? हसलाच असता तो.

 मला घरी सोडायला कॅप्टन आले, त्या लंगड्या पायानं, बर्फातून. "एल्सी, पोरी, धीर धर," म्हणाले. "चर्च मी बंद ठेवतो. बिशपसाहेब येऊन शुद्धी करतील, तोवर आत कुणी जायचं नाही. वॉल्टरची किल्ली दे माझ्याजवळ, तुझ्या घरात ती वस्तू नकोच आता." किती भला माणूस, असं मला वाटलं. किल्ली मी दिली.

त्या रात्री मी झोपले नाही. चुलीजवळ बसून होते आणि दाराकडे पाठ करायची हिंमत होत नव्हती. सकाळी न्याहारीला वॉल्टर जे बोलला होता तेच डोक्यात घोळत होतं. "आज बाप्तिस्मा आटोपला की त्या क्वांट्रिलबाईला एक चीज दाखवायची आहे. मग तुलाही." मी विचारलं काय चीज, तर मिशीत हसला. "कारभाऱ्यांचं गुपित आहे," म्हणाला.

सोमवारी सकाळी दार वाजलं तेव्हा मी किंचाळलेच.

"भूत नाही, मी आहे," बाहेरून आवाज आला. "हेस्टर क्वांट्रिल. माझं नाक गोठलंय, आत घ्या."

ही बाई बिशपच्या कचेरीनं पाठवली होती, चर्चचा नकाशा काढायला. खाणावळीत उतरली होती. रविवारी सकाळी ती पलीकडच्या गावी गेली होती, संध्याकाळी परतली, त्यामुळे तिनं यातलं काही पाहिलं नव्हतं. उंच, हडकुळी, पुरुषी बूट, आणि जिभेला हाड नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"गॅरडबाई, एक सांगा. तुमचा नवरा कोंडवाड्यात गेला, हे तुम्ही पाहिलंत?"

"तो जातोच."

"पाहिलंत?"

मी मान खाली घातली.

"अडसर त्यानं लावला, हे पाहिलंत?"

"ऐकलं."

तिनं कप खाली ठेवला. "म्हणजे अख्ख्या गावानं फक्त ऐकलंय," ती म्हणाली. "अहो, मग काल तिथे कुणीही काहीही केलं असेल. आणि ज्यानं केलं त्याला हे ठाऊक होतं की तुमच्यातला एकही जण डोळे उघडणार नाही. तो तुमच्यातलाच आहे."

 सैतान परवडला, असं झालं मला.

३

आधी गेलो पाद्रीबुवांकडे. लशिंग्टनसाहेबांचं आणि वॉल्टरचं या दारावरूनच वाजायचं. ते दार विटा लावून बुजवा, हा अडाणीपणा आहे, असं त्यांचं म्हणणं. वॉल्टर म्हणायचा, माझ्या हयातीत नाही. आता पाद्रीबुवा अंगठीशी चाळा करत बसले होते.

"मी म्हणालो होतो, हे दार एक दिवस महागात पडेल," ते म्हणाले. "पण अशा अर्थानं नव्हे हो, एल्सी! देवाशप्पथ!"

"तुम्ही डोळे मिटले होते?" क्वांट्रिलबाईनं विचारलं.

"मी पुस्तक वाचत होतो. बाळ माझ्या हातावर होतं, तेही रडत. दाराकडे माझीही पाठ होती." ते जरा ओशाळले. "खरं सांगायचं तर... बघायची भीती मलाही वाटते."

"तुमचा आवाज खंडला नाही, हे सगळेच सांगतात," बाई म्हणाली. "तुम्ही सुटलात."

सायलस मनिंग्ज अंगणात लाकडं फोडत होता. त्याचं वॉल्टरशी महिनाभर बोलणं नव्हतं. कोंडवाडा मोडून ते जुनं ओक मला द्या, असं तो म्हणत होता, वॉल्टरनं ठाम नकार दिला होता.

"या, या! माझ्यावरच येणार आळ, माहितीय मला!" तो कुऱ्हाड टेकून म्हणाला. "घे, एल्सी, घाल मला फासावर!"

"गप रे सायलस," मी म्हटलं. "माझा अंगठा अजून काळानिळा आहे. तू शेवटपर्यंत माझ्या शेजारी नाचत होतास."

"तो अंगठा तुला सोडवतोय, मनिंग्ज," बाई म्हणाली. "उपकार मान. आता आठवून सांग. अडसर पडला, डोळे उघडलेस. पहिल्यांदा काय दिसलं?"

"काय दिसणार? एल्सीची टोपी. मग दार. कॅप्टनसाहेब ओरडत होते."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला?"

"कॅप्टनच. दाराशी."

 तेवढ्यात फाटकातून नन्बाई धावत आल्या, आमच्या चर्चच्या ऑर्गनवाल्या (नन् हे त्यांचं आडनाव), केस मोकळे, एका पायात बूट नाही.

"तो गेलेला नाही!" त्या ओरडल्या. "तो चर्चमध्येच अडकलाय! मी भिंतीजवळून जात होते... आतून ठोकतोय तो! भिंतीच्या आतून!"

४

सायलसनं छातीवर क्रूस काढला. तो तसलं काही कधी करत नाही. मी फाटकाचा खांब धरला. दाराचा अडसर लवकर पडला असणार, सैतान आतच राहिला असणार, हेच माझ्या मनात आलं.

क्वांट्रिलबाईचा चेहरा मात्र एकदम पालटला. "कुठल्या भिंतीतून?" तिनं नन्बाईंचे खांदे धरून विचारलं. "नीट सांगा, बाई!"

"उ... उत्तरेच्या. मी पुढच्या, वेदीच्या बाजूनं वळसा घालून जात होते. तीन ठोके, मग थांबायचं."

बाईनं पिशवीतून नकाशा काढला आणि सायलसच्या लाकडाच्या ढिगावर पसरला. "हे बघा. शनिवारी मी आतून मापं घेतली, बाहेरून घेतली. सगळीकडे भिंत सारख्या जाडीची. फक्त इथे, कोंडवाड्याच्या पुढच्या टोकाला, जाडी दुपटीहून जास्त निघते. मला वाटलं, माझंच माप चुकलं. गॅरडनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणाला, चुकलं नाही, उद्या दाखवतो."

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

"जुन्या काळी वेदीच्या पुढे एक उंच सज्जा असायचा, त्यावर मोठा क्रूस. तिथे चढायला भिंतीच्या पोटातून अरुंद दगडी जिना. मग राजाचा हुकूम सुटला, मूर्ती फोडा, सज्जे पाडा. सज्जा गेला. जिना कोण पाडणार? तोंड बुजवलं की झालं. इथे त्या तोंडावर जमीनदारानं आपलं बाक आणि फळ्या ठोकल्या." ती माझ्याकडे वळली. "त्या जिन्याला उजेडासाठी बाहेरून झरोका असतो. उत्तरेच्या बाजूला."

उत्तरेच्या बाजूला! तिथे कुणी जात नाही. तिथे बाप्तिस्मा न झालेली पोरं पुरतात, जीव दिलेली माणसं पुरतात. मी उभ्या जन्मात त्या गवतावर पाय ठेवला नव्हता. हवालदारानंसुद्धा दारातूनच बर्फ पाहिलं होतं.

"मी नाही येणार," सायलस म्हणाला. "माफ करा, पण नाही."

"मी जाते," मी म्हटलं. मला वाटतं, मी रडत होते. "माझा नवरा आहे तो."

ते बर्फ पायाखाली मोडत गेलं, प्रत्येक पावलागणिक मला वाटत होतं, खालून कुणी घोटा धरील. बाई पुढे, तिच्या कोटाचं टोक माझ्या मुठीत. आणि खरंच, भिंतीला तिथे फुगवटा होता, आयव्हीच्या वेलानं पुरा झाकलेला. अख्खं आयुष्य या गावात काढलं आणि तो मला माहीत नव्हता.

बाईनं बोट दाखवलं. वेलाच्या सगळ्या पानांवर साधं बर्फ बसलेलं होतं. एकाच जागी, डोक्याच्याही वर, पानांच्या कडांना पांढरं काटेरी दहिवर धरलं होतं. हिवाळ्यात आमच्या गोठ्याच्या झरोक्याभोवती गुरांच्या श्वासानं धरतं ना, अगदी तसं.

"आत कुणीतरी श्वास घेतंय," ती कुजबुजली.

"वॉल्टर!" मी ओरडले. "वॉल्टर, मी एल्सी!"

काही नाही. मग भिंतीच्या आतून ठक, ठक, ठक. तिसरा ठोका जेमतेम ऐकू आला.

५

मी कशी धावले मला ठाऊक नाही. सायलस पहार घेऊन निघाला, पाद्रीबुवा आले, हवालदार आला, पाठोपाठ निम्मं गाव. दक्षिणेच्या दारासमोर कॅप्टन थर्कटल काठी टेकून उभे होते. दोन्ही किल्ल्या त्यांच्याजवळ.

"बिशप आल्याशिवाय नाही," ते शांतपणे म्हणाले. "पोरी, तुझी स्थिती मला समजते. पण आत जे ठोकतंय ते वॉल्टर नाही. ते वॉल्टरचं सोंग घेऊन तुला बोलावतंय."

आणि गाव मागे सरलं, देवा! मीसुद्धा क्षणभर थांबले. इतक्या प्रेमानं बोलले ते.

"कॅप्टन, एकच विचारते," क्वांट्रिलबाई म्हणाली. "काल बाप्तिस्म्याला कुठे होतात?"

"माझ्या बाकावर. कुंडाजवळ. सगळ्यांना माहितीय."

"काठी आपटत?"

"नेहमीप्रमाणे."

बाई गर्दीकडे वळली. "कुणी ऐकली काठी? काल, पाय आपटताना?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नन्बाई हळूच म्हणाल्या, "मी काठीच्या ठोक्यावर ताल धरते हो. काल मला ताल सापडत नव्हता."

"एवढ्या गलक्यात काठी ऐकू येते का?" कॅप्टन हसले.

"बरं. अडसर पडल्यावर सगळ्यांनी डोळे उघडले. तेव्हा तुम्ही उत्तरेच्या दाराशी होतात. कसे पोचलात?"

"अडसर पडल्याचं ऐकलं, वॉल्टर दिसेना, म्हणून धावलो."

"धावलात?" सायलस म्हणाला.

 सायलसनं त्यांच्या पायाकडे पाहिलं, मग आम्ही सगळ्यांनीच. ज्या माणसाला वेदीपर्यंत जायला अख्खं स्तोत्र लागतं, तो माणूस आमची मान वळेपर्यंत चर्च ओलांडून गेला होता, आणि वर कोंडवाड्यातही डोकावून आला होता! आम्ही ते बघितलं होतं आणि आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"तुम्ही तिथे आधीच होतात," बाई म्हणाली. "सगळे डोळे मिटून होते, प्रार्थना लांब आहे, तुम्हाला हळूहळू जायला पुरेसा वेळ होता. गॅरड भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला होता. काठीची मूठ शिशाची आहे ना? मग जिन्याच्या तोंडावरची सैल फळी उघडून त्याला आत लोटलं, फळीला पाचर मारली, आणि अडसर लावला. पण परतायला वेळ नव्हता. अडसराचा आवाज केल्याशिवाय कुणी डोळे उघडणार नाही, आणि केला की सगळे उघडणार. म्हणून तुम्ही तिथेच उभे राहून ओरडलात. वाईट युक्ती नव्हती. सैतानाला घाबरलेली माणसं लंगड्याकडे कशाला बघतील?"

"लंगड्या म्हाताऱ्यावर असला आळ घेता?"

"लंगडे आहात म्हणूनच सापडलात, साहेब," सायलस म्हणाला, आणि त्यानं किल्ल्या त्यांच्या खिशातून काढून घेतल्या. हवालदारानं दंड धरला. कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. तोच चेहरा होता, काल मला घरी सोडायला आलेला. 

कोंडवाड्याची फळी सायलसनं एका हिसक्यात उपटली. आत काळोख, पाखरांच्या घरट्यांचा कुबट वास, आणि वर वर जाणाऱ्या झिजलेल्या पायऱ्या. झरोक्याखालच्या वळणावर वॉल्टर बसला होता. डोक्यावर रक्त वाळलेलं, ओठ निळे. अंगाभोवती लोकरीचं जाड जुनं वस्त्र घट्ट गुंडाळलेलं, सोन्याच्या तारेनं विणलेलं. शेजारी पायरीवर मेरीमाता होती, पांढऱ्या दगडाची, बाळ कडेवर, हातभर उंच. मूर्ती फोडायला माणसं आली तेव्हा आमच्याच गावातल्या कुणीतरी तिला त्या वस्त्रात गुंडाळून तिथे लपवलं होतं.

"मी धाकट्या कारभाऱ्याला सांगितलं फक्त," वॉल्टर पुटपुटला. "दोघांनी मिळून ठरवायचं असतं ना. तो म्हणाला, लंडनला गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, क्वांट्रिलबाईला दाखवू." मग तो माझ्याकडे बघून रडायला लागला. "एल्सी, मला वाटलं, तुम्ही सगळे माझं ठोकणं ऐकून पळून जाताय."

मी त्याचे हात माझ्या छातीशी धरले, आणि ते गरम होईपर्यंत सोडले नाहीत.

६

भर उन्हाळ्यात, लव्हेंडर फुलण्याच्या दिवसांत पुन्हा एक बाप्तिस्मा झाला. पाद्रीबुवांनी विटांचा विषय काढला नाही. मेरीमाता आता वेदीजवळच्या कोनाड्यात उभी आहे, आणि जिन्याचं तोंड उघडं ठेवलंय. कॅप्टन तुरुंगात आहे. त्याच्या बाकावर कुणी बसत नाही.

"सैतानाला नाकारता का?" पाद्रीबुवांनी विचारलं.

"नाकारतो."

दार करकरलं. सगळ्यांनी पाठ फिरवली, डोळे मिटले आणि पाय आपटायला सुरुवात केली.  मी मात्र पाठ फिरवली नाही. डोळे सताड उघडे ठेवून मी त्या दाराकडे बघत राहिले.

बाहेर गवत होतं, आणि उन्हात एक मांजर अंग चाटत बसलं होतं. वॉल्टर कोंडवाड्यात शिरताना थबकला. मी बघतेय हे त्यानं पाहिलं, आणि तो आत गेला नाही. दाराशीच उभा राहिला, माझ्याकडे बघत, आमेन होईपर्यंत. मग त्यानं अडसर लावला.